सावलीतले जिवाणू

‘जुळवून घे’ हा सल्ला आपण फार सहज देतो. सुनेला देतो, रात्रपाळीच्या कामगाराला देतो, आणि वर ‘निसर्गही तेच करतो’ असा दाखला जोडतो. निसर्ग नेमके काय करतो, ते एकदा पाहू या.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे, उथळ खाऱ्या पाण्यात, सायनोबॅक्टेरियांच्या थरांवर थर साचून बनलेले खडक आहेत. वरच्या थरातले जिवाणू चांगला प्रकाश शोषून घेतात. खालच्यांच्या वाट्याला येतो तो लालच्याही पलीकडचा प्रकाश. आपल्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही आणि नेहमीच्या हरितद्रव्यालाही फारसा उपयोगी नाही. 2010 साली मिन चेन आणि सहकाऱ्यांना या खडकांच्या नमुन्यांत हा उरलासुरला प्रकाश टिपणारे नवे हरितद्रव्य सापडले: क्लोरोफिल एफ. 2014 साली कळले की काही सायनोबॅक्टेरियांजवळ यासाठी सुमारे 20 जनुकांचा वेगळा संच असतो. सावलीत गेल्यावर ते प्रकाश पकडणारी आपली प्रथिनसंकुले नव्याने बांधतात. पण सगळे बदलत नाहीत! ज्या संकुलात पाणी फोडून प्राणवायू सुटतो, त्यातील हरितद्रव्याच्या 35 रेणूंपैकी अवघे 5 बदलतात. पाणी फोडणारा मँगनीजचा गाभा तोच राहतो.

याची किंमत मोजावी लागते. बदललेले संकुल मंद चालते, मिळालेल्या ऊर्जेतली काही वाया जाते. मात्र पांढरा प्रकाश पुन्हा मिळाला की हेच जिवाणू पूर्वीची संकुले बांधू लागतात. जुना संच त्यांनी टाकून दिलेला नसतो.

आपला दाखला इथे लंगडा पडतो. वरच्या थरातल्या जिवाणूला दोष देता येत नाही. आपल्याखाली कोण आहे हे त्याला ठाऊक नसते. आपल्याला असते. ‘हा तुझा क्रूस आहे’ असे कुणाला सांगण्याआधी, त्याच्यावर सावली कुणाची पडली आहे हे पाहणे आपल्याला शक्य असते, आणि बाजूला सरकणेही.

दुसरे म्हणजे परतीची वाट. आजारी सासूसाठी नोकरी सोडलेल्या सुनेला, सासू बरी झाल्यावर, ‘आता तू कामावर जा, घरचे आम्ही बघतो’ असे आपल्यापैकी किती घरांत कुणी म्हटले?