आजोबांचा रेडिओ लावण्याआधी

जळगाव

चि. भाचेबुवांस,

तू पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. धुळ्याच्या माळ्यावर इतकी वर्षं पडूनही आजोबांचा फिलिप्स शाबूत दिसतो. पण ‘एकदा लावून तर बघू’ हा विचार आधी डोक्यातून काढ. पिन इतक्यात सॉकेटात जायची नाही.

फोटोत पॉवर ट्रान्सफॉर्मर कुठेच नाही. व्हॉल्व्ह आहेत यूसीएच ८१, यूएफ ८९, यूबीसी ८१, यूएल ८४ आणि यूवाय ८५. म्हणजे सेट एसी-डीसी, आणि चासी थेट लाइनच्या एका तारेवर. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्खी चासी फेज! बटनांचे स्क्रूसुद्धा झटका देतात. त्यांच्या भोकांत मेण भरलेलं असतं ते त्यासाठीच. ते उकरू नकोस. २३० ला २३० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळेपर्यंत चालू सेटमध्ये बोटही घालायचं नाही.

आता फिल्टर कंडेन्सर. ते गेलेत असंच धरून चाल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. आतला ओलावा कधीच आटला असणार. जुन्या डब्यावर ३५० व्होल्ट लिहिलेले असतील, तरी तू ४५० चेच घे. २३० व्होल्टचं शिखर ३२५ वर जातं आणि लाइन दहा टक्के चढली की ३५८ वर. शिवाय १०५ अंशांचे माग, ८५ चे नकोत. दर दहा अंशांना कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मायक्रोफॅरड मात्र वाढवू नकोस. ५० लिहिलंय तिथे ४७ टाक. ‘मोठा टाका, गुणगुण जाईल’ म्हणणारे भेटतील. त्या मोठेपणाचा दणका दर वेळी रेक्टिफायर यूवाय ८५ ला बसतो. जुना डबा शोभेला राहू दे, पण त्याच्या तारा सोडव. नवा कंडेन्सर त्याला समांतर जोडणं म्हणजे निव्वळ आळस.

यूवाय ८५ काढून डायोड टाकायचा सल्लाही मिळेल. ऐकू नकोस. हीटर सगळे एका माळेत आहेत. एक काढला की पाचही विझतात. त्याच्या ३८ व्होल्टच्या जागी ३८० ओहमचा रेझिस्टन्स घालशील, पण डायोड पहिल्या क्षणीच पूर्ण व्होल्टेज देतो आणि यूएल ८४ तेव्हा अजून थंडच असतो. व्हॉल्व्ह चांगला असेल तर असू दे.

माळेचा हिशेब करून पाहा: पाच हीटरांचे मिळून १२८.६ व्होल्ट, उरलेले शंभरेक ड्रॉपरवर. करंट ०.१ अँपिअर, म्हणजे हजार ओहम आणि दहा वॅट. नवा घेतलास तर २५ वॅटचा वायरवाउंड घे आणि कंडेन्सरपासून लांब बसव.

यूएल ८४ च्या ग्रिडवरचा मेणाचा कंडेन्सरही बदल. तो गळायला लागला की व्हॉल्व्ह भलता करंट ओढतो आणि भुर्दंड पॉवर सप्लायला. लाइनवरच्या कंडेन्सरच्या जागी एक्स-२ जातीचाच हवा. जळगावच्या गोलाणी मार्केटात न मिळालं तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून मागव. एक बदल, मीटर लाव, मग पुढचा. हात घालण्याआधी दर वेळी पिन काढून कंडेन्सर दहा किलोओहमच्या रेझिस्टन्समधून रिकामा कर. पेचकसाने ठिणगी पाडायची मर्दुमकी नको.

पहिल्यांदा लावशील तेव्हा ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेव. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. ढणढणत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद कर. आयएफच्या डब्यांचे स्क्रू पिळू नकोस, त्यांनी तुझं काही बिघडवलेलं नाही.

सेट जळगाव आकाशवाणीच्या आधीचा आहे. ते केंद्र १९७६ चं. त्यामुळे डायलवर जळगावचं नाव शोधू नकोस. ९६३ किलोहर्ट्झ, म्हणजे मिडियम वेव्हवर ३११ मीटरच्या आसपास काटा ने. आणि मागचा पुठ्ठा बसवल्याशिवाय पोरांना सेटजवळ फिरकू देऊ नकोस.

तुझा,
मामा