सल्ला कोणाला, संशय कोणावर?

गरोदर स्त्री दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा तिच्या वाट्याला दोन गोष्टी येऊ शकतात : सल्ला किंवा संशय. कोणाला काय मिळावे हे तिच्या गरजेवरून ठरावे, अशी आपली अपेक्षा असते. परंतु ते तिच्या कातडीच्या रंगावरून ठरू लागले तर? अमेरिकेचा अनुभव सांगतो की, ही शंका काल्पनिक नव्हे.

फ्लोरिडा राज्यातील पिनेलस परगण्यात १९८९ साली ७१५ गरोदर स्त्रियांच्या लघवीची तपासणी झाली. मद्य अथवा मादक पदार्थांचा अंश गौरवर्णीय स्त्रियांपैकी शेकडा १५.४, तर कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी शेकडा १४.१ जणींत आढळला. दोष जवळजवळ सारखाच! परंतु अशा सेवनाबद्दल सरकारी अधिकाऱ्यांकडे नाव कळवले जाण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत सुमारे दहा पट होते. त्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे एका सरकारी रुग्णालयाने गरोदर स्त्रियांच्या संमतीवाचून केलेल्या तपासण्या पोलिसांना कळवण्यास आरंभ केला. अटक झालेल्या ३० स्त्रियांपैकी २९ कृष्णवर्णीय होत्या. अशा तपासण्या घटनेच्या विरुद्ध आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला.

संशय असा मुक्तहस्ते वाटला गेला. सल्ला मात्र हात आखडून. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, सरकारी पोषण-योजनेतील सल्लागारांकडून स्तनपानाचा सल्ला मिळाल्याचे कृष्णवर्णीय माता कमी प्रमाणात सांगत होत्या, आणि बाटलीच्या दुधाचा सल्ला मिळाल्याचे अधिक. गुलामगिरीच्या काळात याच स्त्रियांच्या आज्यापणज्यांना स्वतःचे मूल दूर ठेवून धन्याच्या मुलाला अंगावर पाजावे लागले होते, हे आठवले म्हणजे मन विषण्ण होते.

आपण म्हणाल, निष्पाप बालकाचे रक्षण करायला नको काय? अवश्य करावे. परंतु ज्या गौरवर्णीय मातेकडे कोणी संशयाने पाहिलेच नाही, तिच्या बालकाचे रक्षण कोणी केले? पक्षपात दोघींवरही अन्याय करतो. एकीला मदतीऐवजी शिक्षा मिळते, तर दुसरीची व्याधी सभ्यतेच्या पडद्याआड तशीच राहते. शिवाय अटकेच्या भीतीने माता तपासणीलाच येईनाशी झाली, तर तिच्या बालकाला कोण वाचवणार?

मग योग्य मार्ग कोणता? प्रत्येक स्त्रीला तेच प्रश्न, त्याच आदराने विचारणे आणि उत्तर ऐकून खरे तेच सांगणे. अंगावर पाजणाऱ्या मातेने गांजा टाळावा, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि जी स्त्री व्यसनमुक्तीसाठी नियमित मेथाडोन घेत असून अन्य मादक पदार्थांपासून दूर आहे, तिला स्तनपानास उत्तेजन द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते, हेही तिला कळले पाहिजे. सत्य लपवणे ही दया नव्हे; आणि सत्याच्या नावाखाली अपमान करणे हा न्याय नव्हे.

याकोबाने आपल्या पत्रात सभास्थानात आलेल्या दोन माणसांचे उदाहरण दिले आहे : एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, दुसऱ्याच्या अंगावर मळकी वस्त्रे. कोणी तोंड उघडण्यापूर्वीच त्यांच्या जागा ठरतात. पक्षपाताचे मूळ येथेच आहे. नियम सर्वांना सारखा असतो. पण तो लागू करणाऱ्याची नजर आधीच निवाडा करून बसलेली असते.

आपल्या कितीतरी घरांतील लेकीसुना परिचारिका म्हणून देशोदेशी सेवा करीत आहेत. त्यांच्या हाती कोणाचे तरी कागद रोज येतात. वाचकहो, आपल्याही दारी कोणीतरी मदतीसाठी येतच असते. त्याच्याकडे पाहताना प्रथम मनात काय येते, सल्ला की संशय? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतःशीच द्यावे.