लक्ष्मीच्या ताटातलं नाणं

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात आई एक नाणं आवर्जून ठेवायची. १९९४ चं, पाच रुपयांचं, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पंचाहत्तरीचं. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, चिमूटभर तंबाखू, शेवटी दोऱ्याची गाठ. बोटांचा वास साबणानंही जात नसे.

त्या नाण्यावर संघटनेचं चिन्ह आहे, माणूस नाही. पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी तरी आला. विडी वळणारी बाई मला कुठल्याच नाण्यावर भेटली नाही. सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल दिसला, हे आपण मानतो ना? मग नाण्यावर आईचे हात असते, तर कुंकू कुणाला लागलं असतं, लक्ष्मीला की आईला? मला तो फरक करवत नाही.

हल्ली ताट मी मांडते. नाण्याशेजारी तिची कात्री असते.