ताऱ्यांना कूळ नसते

जातिभेदाविरुद्ध बोलताना हल्ली एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो. विज्ञानदिनाच्या भाषणांत तो असतो, तरुणांच्या शिबिरांत असतो: आपण सारे ताऱ्यांच्या धुळीतून घडलो, मग उच्च कोण आणि नीच कोण? बोलणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हा युक्तिवाद मला उथळ वाटतो, आणि थोडा घातकही. ज्या विचाराशी त्याला लढायचे आहे त्याचीच रीत तो उचलतो. माणसाची किंमत त्याच्या उगमावरून ठरते हे तो मान्य करून टाकतो. फक्त तो उगम गावकुसाच्या पलीकडे, पृथ्वीच्याही पलीकडे नेऊन ठेवतो.

हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, या दाव्याचा विचार मी इथे करणार नाही. पंचमहाभूतांच्या कल्पनेत लोह आणि कार्बन हा भेदच नाही. अफाट विश्वात माणूस क्षुद्र आहे असे म्हणणारे आकारालाच किंमत समजतात, त्यांनाही बाजूला ठेवतो. मला वाद घालायचा आहे तो समतेच्या बाजूने बोलणाऱ्यांशी, कारण ती बाजू माझीही आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. शरीरातल्या अणूंची संख्या मोजली तर दर शंभरांतले सुमारे ६२ अणू हायड्रोजनचे निघतात. तारे हायड्रोजन बनवत नाहीत, ते तो जाळतात. आपल्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रे सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी, विश्वाच्या अगदी आरंभी तयार झाली. तेव्हा एकही तारा नव्हता. वजनाने मोजले तर मात्र नऊ दशांश वाटा ताऱ्यांकडे जातो. त्या वाट्यातही सगळ्यांची कहाणी एक नाही. ऑक्सिजन बहुतेक सारा भारी ताऱ्यांच्या पोटात शिजला आणि त्यांच्या स्फोटांतून बाहेर फेकला गेला. कार्बन आणि नायट्रोजन यांचा मोठा भाग मध्यम ताऱ्यांनी म्हातारपणी, कोणताही स्फोट न होता, आपले बाहेरचे थर हळूहळू सोडून देत अवकाशाला दिला. रक्तातल्या लोहाचा बराच अंश श्वेत बटू ताऱ्यांच्या स्फोटांतला आहे. ‘एका ताऱ्याची लेकरे’ म्हणण्यासारखे यात काही नाही.

यावर उत्तर येते की तपशील सोडा, सार तेच. सगळ्यांचे द्रव्य एक, म्हणून सगळे समान. या ‘म्हणून’वरच माझा आक्षेप आहे. द्रव्याची समानता माणसापाशी थांबत नाही. मारणाऱ्याच्या हातातली काठी आणि मार खाणारी पाठ, दोन्हींतला कार्बन ताऱ्यांतूनच आला. जे विधान काठीला आणि पाठीला सारखेच लागू पडते, त्यातून पाठीचा हक्क कसा सिद्ध होणार? शिवाय उद्या कोणी दाखवून दिले की अमुक लोकांच्या पूर्वजांचे द्रव्य वेगळ्या ताऱ्यातून आले, तर आपण समतेचा आग्रह सोडणार आहोत का? सोडणार नसू, तर समता ताऱ्यांवर कधीच उभी नव्हती. आपल्या संविधानाच्या कलम १५ ने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली. सगळ्यांचा उगम एक आहे, असे सिद्ध करत बसण्याची गरज त्याला पडली नाही.

मग ताऱ्यांशी आपला संबंध काहीच नाही? आहे, आणि तो या घोषणेपेक्षा कितीतरी अर्थपूर्ण आहे. पण तो कळण्यासाठी कण आणि प्रमाण यांत फरक करावा लागतो.

एकटा कण काहीच सांगत नाही. कार्बन-१२ चे कोणतेही दोन अणू घ्या, त्यांत फरक सापडत नाही. आपली उपकरणे कमी पडतात म्हणून नव्हे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तिथे फरकच नसतो. अणू आपल्या जन्माची खूण बाळगत नाही. खूण असते ती प्रमाणात. धरणाच्या पाण्यातला एक रेणू कोणत्या ओढ्याचा हे सांगता येत नाही, पण त्या पाण्यातले क्षार तपासले तर पाणलोट ओळखता येतो.

मूलद्रव्यांच्या उगमाचा शोध प्रमाणांच्याच वाटेने लागला. मेघनाद साहांच्या समीकरणाचा आधार घेऊन सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवले की ताऱ्यांत हायड्रोजन इतर सगळ्यांपेक्षा प्रचंड प्रमाणात आहे. हान्स सूस आणि हॅरल्ड यूरी यांनी १९५६ मध्ये मूलद्रव्यांच्या विपुलतेचा तक्ता मांडला, त्यासाठी अशनींचे विश्लेषण फार उपयोगी पडले. त्या तक्त्यावरून काढलेल्या आलेखात लोहापाशी एक उंचवटा होता आणि पुढे जड मूलद्रव्यांत जोडउंचवटे होते. १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर व फ्रेड हॉईल यांनी शंभराहून अधिक पानांच्या निबंधात या उंचवट्यांचा अर्थ लावला. जोडीतला एक उंचवटा न्यूट्रॉन सावकाश शोषले गेल्याचा, जसे वृद्ध ताऱ्यांत घडते. दुसरा ते क्षणार्धात शोषले गेल्याचा, जसे अतिप्रचंड उत्पातातच घडू शकते. आयोडीन, सोने आणि प्लॅटिनम मुख्यतः या दुसऱ्या वाटेने आले. एका आलेखाच्या चढउतारांतून ताऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचा इतिहास वाचला गेला, हे मला मानवी बुद्धीच्या सर्वांत मोठ्या पराक्रमांपैकी एक वाटते. हॉईल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी आयुष्यभर मराठीत लिहून आपल्याला खगोलशास्त्राच्या इतके जवळ आणले. त्याच भाषेत या इतिहासाची धूळ-धूळ म्हणून घोषणा व्हावी, याचे वाईट वाटते.

कण आणि प्रमाण यांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत. त्यात सिलिकॉन कार्बाइडचे अतिसूक्ष्म दाणे सापडले. ते सूर्याआधीचे, म्हणजे ४६० कोटी वर्षांहून जुने आहेत. सूर्यमालेत कार्बन-१३ च्या एका अणूमागे कार्बन-१२ चे सुमारे ८९ अणू असतात. या दाण्यांत हा आकडा दाण्यागणिक बदलतो, कारण ते वेगवेगळ्या ताऱ्यांच्या वाऱ्यात गोठले आणि सूर्यमाला घडताना वितळले नाहीत. एकाच ताऱ्याची वंशावळ सांगण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो या दाण्यांना आहे. आपल्या शरीरातल्या कार्बनचा आकडा नव्वदीच्या आसपास आहे, आपल्या पायाखालच्या चुनखडीचाही तितकाच. असंख्य ताऱ्यांचे द्रव्य एका ढगात पूर्ण मिसळून गेल्यानंतरचे ते प्रमाण आहे.