गुन्हा कबूल आहे काय?

माळकऱ्याच्या मुलाला गांजासह पकडले. आता न्यायालयात उभे राहून त्याने "कबूल" म्हणावे की "नाकबूल", असा प्रश्न आमच्याकडे विचारार्थ आला आहे. गावाचे नाव, घराचे नाव आम्ही देत नाही. त्याची गरजही नाही. मुलगा वीस वर्षांचा, शहरात शिकायला ठेवलेला. खिशात कागदाची पुडी सापडली. प्रसंग पहिलाच. घरात तीन पिढ्यांची वारी. वकील म्हणतात, "कबूल करा, दंड भरा, एका तारखेत मोकळे व्हा." आई म्हणते, "माळकऱ्याच्या पोरानं कोर्टात खोटं बोलायचं नाही, कबूलच कर." चुलते म्हणतात, "पोलिसांनीच खिशात घातला म्हणून सांग, कोण बघायला गेलंय!"

वाचकहो, यातली गंमत पाहा. वकिलाची सोय आणि माउलीचा धर्म एकाच शब्दावर येऊन थांबले! सोय आणि धर्म इतक्या सहज एका वाटेने चालू लागले म्हणजे वारकऱ्याने थोडे थबकून पाहावे, असे आम्हांस वाटते.

चुलत्यांचे आधी उरकून घेऊ. पुडी आपली असताना ती पोलिसाने घातली म्हणणे हे दुहेरी पाप आहे: एक असत्य आणि दुसरी परनिंदा. यावर अधिक शाई खर्चण्याचे कारण नाही.

पण "नाकबूल" म्हणणे म्हणजे खोटे बोलणे, ही आईची समजूत मात्र तपासून घेतली पाहिजे. न्यायाधीश विचारतात, "आरोप कबूल आहे काय?" ते "तू गांजा ओढलास का?" असे विचारत नसतात. आरोपपत्रात कलम असते, वजन असते, जागा असते, वेळ असते. "नाकबूल" याचा न्यायालयातला अर्थ एवढाच, की सरकारने हे सिद्ध करून दाखवावे. आरोपीला तेथे शपथ दिलेली नसते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदातच म्हटले आहे. गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत अंतर आहे. देवापुढे जे बोलायचे ते देवापुढे बोलावे. सरकारला त्याचे काम करू द्यावे.

उलट, "कबूल" हा शब्दही खोटा असू शकतो, हे आई विसरते. पुडी मित्राची असेल, याला ठाऊकही नसेल, आणि तरी "एकदाचं मिटवून टाकू" म्हणून याने मान डोलावली तर ती सत्यनिष्ठा नव्हे. चोखोबांची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो! देवाचा हार त्यांच्या गळ्यात सापडला. सापडला एवढ्यावरूनच चोर ठरवून त्यांना बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा फर्मावली, असे परंपरा सांगते. (आमचे हे पोरगं काही चोखोबा नव्हे, हे आम्हीही जाणतो.) पण वस्तू अंगावर सापडणे आणि अपराध असणे यांत फट असू शकते, हे आपल्या संप्रदायाइतके कोणाला माहीत असावे? आजचा कायदा तर ज्याच्याजवळ माल सापडला त्याला तो ठाऊकच होता असे आधी धरून चालतो. तसे नव्हते हे दाखवण्याचा भार त्याच्यावर टाकतो. म्हणून खरोखर ठाऊक नसेल तर तसे सांगून लढणे हाच त्याचा धर्म.

आता पुडी त्याचीच होती असे धरू. तरीही पहिल्या तारखेला घाईने मान डोलावू नये. अंमली पदार्थांचा हा कायदा १९८५ चा. गांजा एक किलोपर्यंत असला तर ते "अल्प प्रमाण" धरतात. जवळ बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसते सेवन केल्याचे कलम २७ लागले तर गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन्हींत फरक फार नाही असे वाटेल; पण आहे. अठरा वर्षांवरच्या मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सवलत सेवनाच्या कलमात मिळू शकते, बाळगल्याच्या कलमात मिळत नाही. दंड भरून सुटला तरी "दोषी" हा शिक्का राहतोच, आणि पुन्हा असेच घडले तर शिक्षेची कमाल मर्यादा दीडपट होते. एका तारखेत मोकळे म्हणजे एवढेच मोकळे! प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधी, आरोपपत्र कोणी नीट वाचून दाखवण्याआधी पोरगं नेमकं काय कबूल करणार? वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे जाऊन विचारावे. अटकेत असलेल्याला तर उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो.

आणि आता ज्या गोष्टीविषयी त्या घरात कोणीच बोलत नाही, ती गोष्ट. पोराला सवय लागली आहे काय? पहिल्यांदा पकडला म्हणजे पहिल्यांदा ओढला, असे नाही. याच कायद्यात ६४-क हे कलम आहे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी मनुष्य स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रात उपचाराला तयार झाला आणि त्याने ते पुरे केले, तर त्याच्यावरील खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर ही सूट काढून घेता येते. हे आम्ही त्या वडिलांना कळवले, तेव्हा उत्तर आले, "दंड परवडला, पण व्यसनी म्हणून लेखी द्यायचं म्हणजे दिंडीत तोंड कसं दाखवायचं?"

येथे खरी मेख आहे. आईचा "कबूल" आणि वकिलाचा "कबूल" एकत्र कसे आले, ते आता कळते. दहा हजारांत एक लहान गोष्ट कबूल करून मोठी गोष्ट झाकता येते. पोरगं व्यसनी नसेल तर खटला चुकवण्यासाठी व्यसनाचे सोंग आणणे हेही असत्यच. तो मार्ग त्याने धरू नये. पण असेल, तर खऱ्या कबुलीला लागणारी किंमत दंडाच्या पावतीवर लिहिलेली नाही. ती घराच्या नावातून द्यावी लागते. अन् ते देण्याचा किंवा न देण्याचा अधिकार बापाचा नाही. माळ बापाच्या गळ्यात आहे, खटला पोराचा आहे. विचारावे त्याला, एकट्याला बसवून, मारझोड न करता.

काही लोक चिलमीला शिवाचा प्रसाद म्हणून पावन करू पाहतात. वारीच्या वाटेवरही असे महाभाग भेटतात. ती समजूत त्याच्या डोक्यात शिरली असेल तर तीही काढली पाहिजे; माळ घालताना आपण कोणते नियम धरतो हे त्याने घरातच पाहिले आहे.

पत्रात शेवटी विचारले आहे, की यंदा त्याला दिंडीत न्यावे की घरी ठेवावे. उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारावे, तारीख आड येत असेल तर तारीख आधी. एरवी न्यावे. वीणा हाती देऊ नये, एवढेच. पाण्याच्या टँकरपाशी हंडे भरायला माणसे दरवर्षी कमीच पडतात.