चित्रफितीतला चेहरा

शाळेतील दृक्‌श्राव्य शिक्षणाचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ एकाच अंगाने झाला : मुलांना काय दाखवावे? पुण्यातील ‘बालचित्रवाणी’ १९८४ साली याच हेतूने सुरू झाली आणि २०१७ साली बंद पडली. त्या व्यवस्थेत चित्रण करणारा शहरात असे आणि मूल खेड्यात पडद्यासमोर बसे. मोबाइलने हे नाते उलटे केले. आता आठवीतला विद्यार्थी स्वतःच चित्रफीत तयार करतो आणि शिक्षक त्याला ‘आपल्या गावाचा प्रश्न’ असा प्रकल्प देतात. तेव्हा विचारायचे ते हे की, मुलांनी काय टिपावे आणि कोणाला विचारून?

जऊळक्याचे उदाहरण घेऊ. अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे, वाशीम जिल्ह्यातले हे गाव. तेथील स्थानकाची वा सोयाबीनच्या शेताची चित्रफीत करण्यात कोणाची हरकत असणार? परंतु शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. बाहेरच्या कॅमेऱ्यांनी या भागातील विधवांचे चेहरे पुष्कळदा टिपून नेले आहेत. गावचे मूल ‘प्रश्न’ शोधायला निघाले, तर त्याची पावलेही अशाच एखाद्या घराकडे वळणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच की, त्या घरातली बाई त्याची काकू असते. पत्रकाराला ती दार लावून घेऊ शकते. पुतण्याला नाही म्हणणे तिच्या जिवावर येते. अशा होकाराला संमती म्हणावे काय, याविषयी आम्हाला दाट शंका आहे.

निबंधाच्या वहीतले दुःख वहीत राहते. चित्रफितीचे तसे नाही. ती एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाते आणि परत मागवता येत नाही. शिवाय प्रकल्पाला गुण असतात. काकू जितकी रडेल तितके गुण अधिक, असा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही, पण मुले तो बरोबर ओळखतात. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने १७८५ साली मांडले. ते तत्त्व येथे वर्गाच्या उंबऱ्यावरच अडखळते.

१९६६ साली सॉल वर्थ आणि जॉन अडेअर हे दोन अभ्यासक अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील नॅव्हाहो तरुणांना चलच्चित्रण शिकवण्यास गेले. तेथील सॅम याझी नावाच्या वृद्धाने त्यांना विचारले की, या चित्रांनी मेंढ्यांचे काही वाईट होईल काय? नाही, असे उत्तर मिळाले. मग काही भले होईल काय? तेही नाही. तेव्हा म्हाताऱ्याने विचारले, मग ती करायची कशाला? हा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो खरा. पण प्रकल्प देणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने तो आधी स्वतःला विचारावा, असे आम्ही सुचवू. पुढे त्या तरुणांनी जी चित्रणे केली, त्यांत माणसांचे समोरून, जवळून घेतलेले चेहरे फारसे नव्हते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. चेहरे झाकले तर अन्यायही झाकला जाईल. दुःख दिसल्याविना कोणाला पाझर फुटतो? हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच चित्रणावर बंदी घाला, असे आमचे म्हणणे नाही. अहमदाबादेत १९८४ साली ‘सेवा’ संघटनेच्या कष्टकरी स्त्रिया, त्यांतल्या काही निरक्षरही, व्हिडिओ हाताळण्यास शिकल्या आणि आपले प्रश्न स्वतःच मांडू लागल्या. दुःख तेथेही दिसले. पण काय दाखवायचे हे ठरवणारी तीच बाई होती. जऊळक्याच्या काकूच्या हाती मोबाइल दिला, तर ती कदाचित आपल्या रडण्याऐवजी बँकेतली रांग दाखवील, नाहीतर परसातली मेथी.

तेवढे जमले नाही, तरी काही गोष्टी शिक्षकाच्या हातच्या आहेत. संमती मुलाने नव्हे, शिक्षकाने मागावी आणि तीही मुलाच्या पाठीमागे, म्हणजे तिला संकोच न करता नाही म्हणता येईल. चित्रफीत वर्गाआधी तिला दाखवावी; तिने नको म्हटलेला भाग तिच्यासमोरच पुसावा. नकार घेऊन परतलेल्या विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत. त्याने हवे तर घरापासून त्या दारापर्यंतची वाट तेवढी टिपून आणावी. त्या नॅव्हाहो तरुणांच्या चित्रणांतही चालणेच फार होते.