दाखल्यात सापडलेले देणे

आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक जुनी फाईल असते. तिच्यात आजोबांचा शाळेचा दाखला, पणजोबांच्या नावाचा एखादा उतारा, पिवळ्या पडलेल्या कागदावरची तहसील कार्यालयाची नक्कल असे काहीबाही जपलेले असते. ही फाईल आपण बहुधा गरजेपोटीच उघडतो. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत मोमीन, पिंजारी, बागवान अशा मुस्लिम व्यावसायिक समूहांची नावे आहेत. त्या प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मुलाचा प्रवेश जवळ आला की घरातील थोरले दिवंगत वडीलधाऱ्यांचा शोध घेऊ लागतात. ज्यांची आठवण वर्षानुवर्षे निघाली नव्हती, त्यांची सही अचानक मौल्यवान ठरते.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्यासाठी आम्हीही असाच शोध घेतला. आमचे पणजोबा पुलगावच्या कापड गिरणीत कामगार होते. कपाशी, रेल्वे आणि गिरणी यांच्या आधाराने वर्धा नदीकाठच्या या गावात जी कुटुंबे स्थिरावली, त्यांपैकी आमचे एक. मजुरीतून शिल्लक टाकून त्यांनी चार एकर शेत घेतले होते. ते विद्वान नव्हते, पुढारीही नव्हते. अशा सामान्य माणसाचे चरित्र कोणी लिहीत नाही. ते कोतवाल पंजीत, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आणि जमिनीच्या अभिलेखांत विखुरलेले असते.

कोतवाल पंजीत प्रथम आजोबांच्या जन्माची नोंद मिळाली, नंतर त्यांच्या धाकट्या भावाची. या दोघांच्या मध्ये आणखी एक नोंद होती. बापाचे नाव पणजोबांचेच, आणि अपत्याच्या रकान्यात एकच शब्द : ‘मुलगी’.

ती कोण, हे आम्हांस ठाऊक होते. घरात तिला ‘आर्वीवाली फुफी’ म्हणत. लग्न होऊन ती आर्वीला गेली आणि तेव्हा चालणाऱ्या पुलगाव-आर्वी छोट्या गाडीने ईदला माहेरी येई. तिच्याविषयी घरातील वडीलधारे एक वाक्य नेहमी अभिमानाने सांगत : “तिने कधी काही मागितले नाही.”

आजोबांच्या शाळेच्या दाखल्याने आमचे काम झाले होते. तरीही जमिनीचे कागद हाती होते, म्हणून मी ते वाचत गेलो. १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात पणजोबांचे नाव होते. त्यांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात वारस म्हणून दोन नावे होती, दोन्ही मुलग्यांची. कोतवालाने निदान ‘मुलगी’ एवढे तरी लिहिले होते. या कागदावर तेवढेही नव्हते.

येथे प्रश्न उभा राहतो. जो पुरावा शासनापुढे ठेवून आम्ही स्वतःचा हक्क मागणार होतो, त्याच कागदांच्या गठ्ठ्यात आमच्यावरील देण्याचा पुरावाही होता. आपल्या सोयीचे पान काढून घ्यावे आणि उरलेली फाईल बांधून ठेवावी, हे योग्य आहे काय?

पवित्र कुरआनच्या सूरह अन्-निसामध्ये श्रद्धावंतांना आदेश आहे की त्यांनी न्यायावर ठाम राहावे आणि अल्लाहसाठी साक्ष द्यावी, मग ती स्वतःविरुद्ध, मातापित्यांविरुद्ध वा आप्तांविरुद्ध का जाईना. कौटुंबिक दस्तऐवज ही साक्षच होय. साक्षीदाराने अर्धे सांगून अर्धे लपविले तर त्यास आपण खोटाच म्हणू. याच सूरहमध्ये मातापित्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत, ती थोडी असो वा फार, पुरुषांप्रमाणेच स्त्रियांचाही हिस्सा निश्चित केलेला आहे. १९३७ च्या शरीअत कायद्याने शेतजमीन आपल्या मुख्य कलमाबाहेर ठेवली. सूरह अन्-निसाने ती वगळलेली नाही. आजच्या कायद्यात काय लागू होते ते वकिलास विचारावे. अल्लाहसमोर काय लागू होते ते आपणास ठाऊक आहे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. ते मी माझ्याच घरात ऐकले. पहिला, तिच्या लग्नात खर्च झाला होता. लग्नातील खर्च ही पित्याने हयातीत दिलेली भेट होय. वारसाहक्क मृत्यूनंतर उत्पन्न होतो. एकाने दुसरा फिटत नाही. दुसरा, तिने माफ केले होते. हनफी फिक्हच्या विद्वानांनी स्पष्ट केले आहे की वारसाचा हिस्सा केवळ ‘सोडला’ म्हटल्याने संपत नाही. तो वेगळा करून तिच्या ताब्यात द्यावा; मग तिने खुशीने परत दिला तर ती तिची देणगी. अथवा काही मोबदला घेऊन तिने सहमतीने बाजूस व्हावे. जिला हिस्सा दाखविलाच नाही, तिचे मौन ही माफी ठरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आजोबांच्या कृत्याचा जाब नातवाने का द्यावा? कुरआनच सांगतो की कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. हे अगदी खरे आहे. आजोबांच्या मनात काय होते, बहीण-भावांत काय बोलणे झाले, हे फेरफार सांगत नाही. मृतांना दूषणे देऊ नयेत, ते आपल्या कर्मांपाशी पोहोचले आहेत, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणून मी आजोबांवर आरोप करीत नाही. त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ करतो. परंतु गुन्हा वारशाने येत नसला तरी जमीन येते, आणि जमिनीबरोबर तिच्यावरचे देणेही येते. चार एकर म्हणजे १६० गुंठे. पणजी आधीच वारल्या होत्या. दोन मुलगे आणि एक मुलगी यांच्यात पाच भाग होतात. तिचा एक भाग ३२ गुंठे. त्यांपैकी १६ गुंठे आज आमच्या शाखेकडे आहेत. त्यांवर उगवणारी कपाशी आजोबा नेत नाहीत, आम्ही नेतो.

मराठीचा विद्यार्थी असताना माझ्या ध्यानात आले होते की कचेरीतील वारस, हक्क, नक्कल, दाखला, तहसील हे शब्द अरबीतून आपल्या भाषेत आले आहेत. मदरशात हक्क आणि वारस हे शब्द मी वर्षानुवर्षे शिकलो. फेरफारात ते वाचले तेव्हा मात्र त्यांचा अर्थ माझ्याच घरावर आला.

कारण गठ्ठ्यात आणखी एक कागद होता : आजोबांच्या निधनानंतर माझ्या सख्ख्या फुफीने करून दिलेले हक्कसोडपत्र. त्यावर तिचा अंगठा होता. त्या दिवशी मी मदरशातून सुटीवर घरी आलो होतो. सूरह अन्-निसा मला मुखोद्गत होती. तरी मी त्या दिवशीची मिठाई खाल्ली आणि काही विचारले नाही.

फुफी हयात आहे. कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो आणि तिने तेव्हा अंगठा का दिला ते विचारले. ती म्हणाली, “बेटा, माहेरचे दार उघडे राहावे म्हणून.”

वाचकहो, हे वाक्य आपल्या घरातही कोणाच्या मनात असू शकते. नातेसंबंध जोडता यावेत यासाठी आपल्या वंशावळीची माहिती करून घ्यावी, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. वंशावळीचा हेतू येथे स्पष्ट आहे. ज्या बहिणीला आपला हिस्सा सोडून माहेर टिकवावे लागते, तिच्याशी आपण नाते जोडले नाही, त्याची किंमत वसूल केली.

आम्ही आर्वीला फुफीच्या मुलांकडे जाऊन सर्व कागद दाखविले आहेत. आमच्याकडील १६ गुंठे देण्यास वडील राजी झाले आहेत, आणि माझ्या सख्ख्या फुफीचा हिस्साही वेगळा काढला जात आहे. दुसरी शाखा अद्याप तयार नाही. त्यांच्याशी बोलणे चालू आहे. संबंध न तोडता हे व्हावे, असा प्रयत्न आहे.

आपणही प्रमाणपत्रासाठी फाईल उघडाल तेव्हा ती शेवटच्या पानापर्यंत वाचावी. कोणते नाव नाही, तेही पाहावे. आपल्या कर्मांची नोंदवही ज्या दिवशी उघडली जाईल, त्या दिवशी लहानमोठी एकही गोष्ट तिच्यातून सुटलेली नसेल. अल्लाह आपणा सर्वांना हक्कदारांचे हक्क हयातीतच पोचविण्याची बुद्धी व बळ देवो. आमीन.